नाचाच्या ठेक्याचा सांधा



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, ह्याची मला कल्पना आहे. संगणकावर तयार होणारे नाचाचे संगीत, ज्याला ‘इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक’ असे नाव रूढ आहे, ते कोणीकडे आणि साठी ओलांडलेला एक निवृत्त शाळामास्तर कोणीकडे! परंतु ह्या संगीताची एक बाजू अशी आहे की ती गवयाच्या गळ्यापेक्षा अंकगणिताच्या फळ्याला अधिक जवळची आहे, आणि तेवढ्यापुरता तेथे माझा शिरकाव आहे. ती बाजू म्हणजे ह्या रचनांची बांधणी. एक रचना संपत असता दुसरी तीत अशी मिसळून जावी की नाचणाऱ्याच्या पायाला सांधा म्हणून जाणवू नये. त्यासाठी रचनाकाराने काय काय योजावे लागते, ते आज पाहावयाचे आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे ‘डीजे’ हा शब्द उच्चारला की मिरवणुकीतील ट्रकवर रचलेल्या कर्ण्यांच्या भिंती, थरथरणारी तावदाने आणि पोलिसांची परवानगी एवढेच डोळ्यांसमोर येते. वस्तुतः हा शब्द यंत्राचा नसून माणसाचा आहे. डीजे म्हणजे ध्वनिमुद्रिका वाजविणारा वादक. त्याच्यापुढे दोन तबकड्यांची यंत्रे असतात, अलीकडे त्यांच्या जागी संगणकाच्या फाइली वाजविणारी यंत्रे असतात, आणि दोहोंच्या मध्ये ‘मिक्सर’ असतो. हा अर्थात चटणी वाटण्याचा नव्हे. पहिल्या यंत्रावरील रचना सभागृहात वाजत असता दुसऱ्या यंत्रावरील रचना तो एकटाच कानाला लावलेल्या हेडफोनमधून ऐकतो, तिची गती पहिलीच्या गतीशी जुळवितो, आणि योग्य क्षणी ती हळूहळू आत सोडतो. मिनिट-दीड मिनिट दोन्ही एकत्र चालतात. मग पहिली मागे सरते आणि दुसरी उरते. चांगला वादक चार-चार तास असे करीत राहतो आणि ठेका एकदाही तुटत नाही.

हा तुटू न देण्याचा हव्यास कोठून आला, हे सांगितल्यावाचून पुढील नियमांचे मर्म कळावयाचे नाही. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील न्यूयॉर्क घ्या. त्या वेळची गाण्याची तबकडी सात इंची, आणि गाणे तीन मिनिटांचे. ते रेडिओसाठी बेतलेले असल्यामुळे चार-दोन स्वर वाजले न वाजले तोच गायक गाऊ लागे, आणि शेवटी आवाज हळूहळू विरत जाई. दिवाणखान्यात बसून ऐकणाऱ्याला त्यात काहीच खटकत नसे. नाचणाऱ्याला मात्र दर तीन मिनिटांनी पाय थांबवावे लागत. फ्रान्सिस ग्रॅसो नावाच्या वादकाने न्यूयॉर्कच्या ‘सँक्चुअरी’ ह्या नृत्यगृहात दोन तबकड्यांचे ठोके जुळवून हा खंड बुजविण्याची कला प्रथम नावारूपाला आणली असे मानतात. पण तो बोलूनचालून कसरतीचा मामला होता. तबकड्याच मुळी त्या कामासाठी केलेल्या नव्हत्या.

टॉम मोल्टन हा गृहस्थ न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंड ह्या बेटावर गेला असता त्याने हेच पाहिले: लोक रंगात येतात न येतात तोच गाणे बदलते आणि ते नाचाची जागा सोडून जातात. त्याने घरी येऊन गाणी एकमेकांत मिसळलेली एक अखंड ध्वनिफीत तयार केली. पुढे निर्माते त्याच्याकडे गाणी लांबवून घेण्यासाठी येऊ लागले. डॉन डाउनिंगचे ‘ड्रीम वर्ल्ड’ हे गाणे लांबविताना त्याला अडचण आली ती अशी की, गाण्याचा मूळ स्वर मध्येच वर चढत असल्याने मागचा भाग पुन्हा जोडता येईना. तेव्हा त्याने स्वरवाद्ये काढून टाकून काही काळ नुसता ढोल आणि ताल चालू ठेवला आणि त्या आडोशाने सांधा झाकला. ज्याला आज ‘ब्रेक’ म्हणतात त्याचे एक मूळ असे निव्वळ अडचणीत आहे. बारा इंची एकेरी गाण्याची तबकडीही त्याच्याच हातून, सात इंची कोरी तबकडी शिल्लक नाही एवढ्याच कारणाने, घडली असे सांगतात. मोठ्या तबकडीवर खाचा ऐसपैस कापता येतात. त्यामुळे आवाज भरदार येतो आणि गाणेही लांबविता येते. १९७६ साली वॉल्टर गिबन्सने मिसळून दिलेली ‘टेन पर्सेंट’ ही ‘डबल एक्स्पोझर’ ह्या गायकसंघाची तबकडी सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळणारी पहिली बारा इंची म्हणून बहुधा गणली जाते. तीन मिनिटांचे गाणे तिच्यावर नऊ मिनिटांच्या वर गेले, आणि त्या वाढलेल्या मिनिटांत शब्द थोडे व ताल फार होता.

तरीही एक मोठी अडचण उरलीच. ताल माणूस धरीत होता. फिलाडेल्फियाचा अर्ल यंग, ज्याच्या १९७३ च्या सुमाराच्या वादनापासून चारही मात्रांवर सरसकट ढोल हाणण्याची चाल नाचाच्या गाण्यांत पडली, तो केवढाही कसलेला असला तरी माणूसच. रंगात आला की लय किंचित चढणार, सैलावला की उतरणार. आपल्या तबलजींचेही तसेच असते आणि मैफलीत ते शोभूनही दिसते. पण दोन तबकड्यांवरचे दोन ढोलकरी जर आपापल्या लहरीप्रमाणे चढू-उतरू लागले, तर वादकाने कोणाला आवरावे? ही पीडा यंत्रांनी संपविली. १९७७ साली जॉर्जो मोरोडर आणि डॉना समर ह्यांच्या ‘आय फील लव्ह’ने यंत्राच्या स्थिर स्पंदनावर उभे राहिलेले गाणे जगाला ऐकविले. रोलंड कंपनीचे ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र १९८० साली आणि ‘टीआर-९०९’ हे १९८३ साली निघाले. शिकागो आणि डेट्रॉइट ह्या शहरांतील तरुणांनी ह्या यंत्रांवर जे ‘हाउस’ व ‘टेक्नो’ संगीत उभे केले, त्यात एक नवी गोष्ट होती: रचना करणारा स्वतःच पुष्कळदा तबकड्या वाजविणारा असे. त्यामुळे आपली रचना दुसरीशी जोडली जावयाची आहे, हे त्याला पहिला ठोका मांडतानाच ठाऊक असे.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. चार मात्रांचा एक ‘बार’, म्हणजे आपल्या भाषेत एक लहान आवर्तन. असे आठ बार मिळून एक वाक्य होते. ते बत्तीस मात्रांचे. ही वाक्ये पुन्हा जोडीजोडीने येतात: सोळा बार, बत्तीस बार. आपल्या त्रितालात सोळा मात्रा असतात आणि सम कोठे, खाली कोठे, हे ठेक्याचे बोलच सांगतात. येथे तशी सोय नाही. पहिल्या मात्रेचा ढोल आणि तिसऱ्या मात्रेचा ढोल ह्यांत तसूभर फरक नसतो. मग सम ओळखावयाची कशी? तर रचनाकाराने ती निराळ्या खुणांनी दाखवावयाची. आठव्या बारच्या शेवटच्या दोन मात्रांचा ढोल गाळतात, किंवा झांजेचा एक मोठा आघात नव्या वाक्याच्या पहिल्या मात्रेवर टाकतात, किंवा तिहाईसारखी ठोक्यांची एक लगबग तिच्या आधी करतात. ज्या रचनेत ह्या खुणा नाहीत ती ऐकताना वादकाची स्थिती विरामचिन्हे नसलेला उतारा वाचणाऱ्या विद्यार्थ्यासारखी होते.

गतीचे गणित मला स्वतःला फार रमविते. मिनिटाला १२८ मात्रा ही ह्या संगीतातील एक फार प्रचलित गती. चाराने भागा: मिनिटाला बरोबर ३२ बार. म्हणजे आठ बारांना पंधरा सेकंद, सोळांना अर्धे मिनिट. सहा मिनिटांच्या रचनेत १९२ बार. त्यांचे ३२-३२ चे सहा खंड पडतात. पहिला खंड प्रवेशाचा, म्हणजे ‘इंट्रो’. शेवटचा निर्गमनाचा, म्हणजे ‘आउट्रो’. आणि मधल्या चारांत रचनेचा जीव. आता समजा, सभागृहात १२६ ची रचना चालू आहे आणि पुढची १२८ ची आहे. फरक मिनिटाला अवघा दोन मात्रांचा. पण तो तसाच राहू दिला तर पंधराव्या सेकंदाला एकीचा ठोका दुसरीच्या दोन ठोक्यांच्या नेमक्या मध्ये पडेल आणि घोडा लंगडत चालल्यासारखे ऐकू येईल. म्हणून वादक पहिलीची गती शेकडा दीडाहून किंचित अधिक वाढवितो किंवा दुसरीची तितकी उतरवितो. टेक्निक्स कंपनीच्या ‘एसएल-१२००’ मालिकेतील जे यंत्र नृत्यगृहांत सर्वत्र पसरले, त्यावर शेकडा आठपर्यंत गती वाढविण्याची किंवा उतरविण्याची सरकपट्टी असे. रचनाकाराचे ह्या बाबतीतले कर्तव्य एकच: पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत गती एक ठेवावी, आणि पहिला ठोका फाइलीच्या अगदी आरंभी ठेवावा, त्यापूर्वी अर्ध्या सेकंदाची निःशब्द जागाही सोडू नये.

प्रवेशखंडात काय असावे ह्यापेक्षा काय नसावे हे अधिक महत्त्वाचे. आपल्या जलशात गायक बदलला तर तंबोरे पुन्हा लावतात. एका गायकाच्या बैठकीत मात्र राग कितीही आले तरी षड्ज एकच राहतो. येथे प्रत्येक रचनेचा षड्ज निराळा, आणि दोन रचना तर एकाच वेळी वाजावयाच्या. दोन निरनिराळ्या पट्ट्यांतील दोन चाली एकावर एक आल्या की काय होईल, हे शेजारी-शेजारी दोन मंडपांच्या मधोमध उभे राहणाऱ्याला सांगावयास नको. शिवाय तबकडीची गती वाढविली की स्वरही चढतो. शेकडा सहाच्या जवळपास गती वाढली की पुरता अर्धा स्वर वर जातो. नव्या यंत्रांत गती बदलूनही स्वर कायम राखण्याची सोय आहे, तथापि निरनिराळ्या षड्जांचा झगडा तिने मिटत नाही. ह्यावर उपाय असा की, प्रवेशखंडात षड्जच नको. ढोल, टाळी, झांज, खुळखुळा ह्यांपैकी एकेक वाद्य दर आठ किंवा सोळा बारांनी आत यावे, आणि स्वर दिलाच तर खंडाच्या शेवटी, तोही एखादा तुटक. निर्गमनखंडात हाच क्रम उलटा: प्रथम चाल जाते, मग स्वरसंगत, मग खर्जाची ओळ, आणि शेवटी उघडा ताल उरतो. अशा दोन रचना शेजारी आल्या की एकीचे रिकामे होणारे घर दुसरी भरीत जाते.

खर्जाविषयी दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत, कारण नवशिके येथेच अडतात. मोठ्या कर्ण्यांतून सर्वांत अधिक शक्ती खातो तो मंद्र भाग. दोन रचनांचे मंद्र एकत्र आले की आवाज वाढत नाही, तो गढूळ होतो. कधी एकाची लाट दुसऱ्याची लाट खाऊनही टाकते. वादकाजवळ मंद्र, मध्य व तार असे तीन भाग वेगवेगळे कमीजास्त करणारी बटणे असतात, आणि वाक्याच्या पहिल्या मात्रेवर एकीचा मंद्र काढून त्याच क्षणी दुसरीचा देणे ही त्याची खरी हातचलाखी. ती साधावयाची तर त्या क्षणी दोन्ही रचनांत नवे वाक्य सुरू झाले पाहिजे. म्हणूनच आठाचा हिशेब दोन्हीकडे पाळला जावा लागतो.

हा हिशेब चुकला म्हणजे काय होते, त्याचे उदाहरण माझ्या घरातलेच देतो. माझा पुतण्या दिवसा नोकरी करून रात्री अशा रचना करतो. त्याची एक रचना मला ऐकताक्षणी आवडली. आरंभ एकदम सनईसारख्या उंच स्वराने. ढोल पुढे वीस बारांनी यावयाचा. आणि एक वाक्य मुद्दाम नऊ बारांचे, तेही शेवटच्या खंडात. त्या नवव्या बारात ऐकणाऱ्याचा श्वास खरोखरच क्षणभर अडे. ती रचना एका वादकाने वाजवावयास घेतली आणि आठवड्याने परत केली. रचना वाईट म्हणून नव्हे. ती लागू करता येईना म्हणून. सनईच्या आरंभामुळे आधीच्या कोणत्याही चालीशी तिचे भांडण होई, आणि नवव्या बारामुळे पुढची रचना एक बार आधी फुलून येई. मुलगा फार खट्टू झाला. आठाच्या घाण्याला जुंपून घेणे म्हणजे कला नव्हे, आपण हे सोडून देतो, असे त्याने दोन दिवस घरात ऐकविले.

त्याचे म्हणणे अगदीच पोकळ होते असे मी म्हणणार नाही. ह्या साच्यात ओतलेल्या शेकडो रचना एकमेकींपासून ओळखू येत नाहीत, हे खरेच आहे. प्रवेशाचा ढोल, मग फुगवटा, मग धडाका, मग निरोप, असा तो परिपाठ होऊन बसला आहे. पण साचा आणि सांधा ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. दुसऱ्या रचनेशी गाठ पडते ती फक्त दोन्ही टोकांना. मधल्या चार मिनिटांत सोबतीला कोणीच नसते. तेथे नऊचे वाक्य करा, ढोल पार काढून टाका, सनईला मोकळे रान द्या, वादकाचे काही बिघडत नाही. मुलाने शेवटी तसेच केले. पुढे बत्तीस बार तालाचे जोडले, नववा बार शेवटच्या खंडातून उचलून मधल्या ब्रेकमध्ये नेला, आणि निर्गमन पुन्हा आठावर आणून ठेवले. श्वास अडावयाचा तो आता मधल्या भागात अडतो. माझ्या कानाला पहिला आरंभ अधिक आवडे, हेही सांगून टाकतो.

साधन बदलले की सांधा बदलतो, ह्याचे फार चांगले उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात घडले. हणजुणे परिसराच्या किनाऱ्यावरील रात्रभराच्या नाचांत तबकड्या नेणे कठीण. उन्हाने त्या वाकत, आणि वाळू खाचांत शिरे. म्हणून तेथील वादक प्रथम साध्या कॅसेटी आणि नंतर १९८७ साली निघालेल्या ‘डॅट’ ह्या अंकीय फितीची लहान कॅसेट वापरू लागले. गोवा गिल ह्या नावाने ओळखला जाणारा अमेरिकन वादक, जो २०२३ साली निवर्तला, तो तर डॅटचाच अभिमानी होता. ह्या फितीच्या साध्या यंत्राला गती कमीजास्त करण्याची सोय नसे. मग ठोक्यावर ठोका बसवावयाचा कसा? तो बसवावयाचाच नाही, असा मार्ग तेथे निघाला. ‘गोवा ट्रान्स’ म्हणून जगभर गेलेल्या रचनांच्या दोन्ही टोकांना पुष्कळदा ठोक्याविना लांबलचक स्वरांचे पट्टे आढळतात, त्याचे एक कारण हे आहे. एका रचनेचा ढोल थांबतो, तिचा तरंगणारा स्वर रेंगाळतो, त्यावर दुसरीचा स्वर येतो आणि तिचा ढोल मागाहून सुरू होतो. येथे ताल जुळवावा लागत नाही, पण स्वरांचे भान अधिक ठेवावे लागते. शिकागोने षड्ज काढून ताल ठेवला. गोव्याने ताल काढून षड्ज ठेवला.

मुंबईचेही एक नाव ह्या संदर्भात घेतले पाहिजे. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे चरणजित सिंग ह्यांनी १९८२ साली रोलंडची यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले आणि त्यांची तबकडी निघाली. त्या वेळी तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’शी तिचे विलक्षण साम्य पाहून पाश्चात्त्य रसिक चकित झाले. सिंग २०१५ साली वारले. अचल यांत्रिक ठेका आणि त्यावर चालणारा राग ही जोडी आपल्याकडे इतक्या आधी जमली होती, हे पुतण्याच्या पिढीतील अनेकांना ठाऊकच नसते.

आज ह्या सांध्यावर दोन बाजूंनी ओढाताण चालू आहे. एकीकडे यंत्रे इतकी शहाणी झाली आहेत की चार बारांचा तुकडा पकडून तो हवा तितका वेळ गोल फिरवत ठेवता येतो. एका बटणाने दोन गतीही आपोआप जुळतात. तेव्हा लांब प्रवेशखंडाची गरज काय, असे काही जण विचारतात. यंत्र ठोके जुळविते. वाक्य कोठे सुरू होते हे वादकालाच ऐकावे लागते, आणि खर्जाचा गोंधळ ते निस्तरीत नाही, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते. दुसरीकडे, घरी मोबाइलवर गाणे ऐकणारा फार उतावळा झाला आहे. स्पॉटिफायसारख्या संस्था तीस सेकंद ऐकले गेले तरच ते ऐकणे हिशेबात धरतात. १२८ च्या गतीला तीस सेकंद म्हणजे सोळा बार. बत्तीस बारांचा प्रवेशखंड तेव्हा कोठे अर्धा झालेला असतो, आणि नुसता ढोल ऐकून श्रोता पुढे निघून गेलेला असतो. त्यामुळे १९७६ साली सात इंची आणि बारा इंची अशा ज्या दोन वाटा फुटल्या, त्याच आज निराळ्या नावांनी चालू आहेत: घरासाठी तीन मिनिटांचा संक्षेप, आणि वादकासाठी ‘एक्स्टेंडेड मिक्स’ ह्या नावाचा सहा-सात मिनिटांचा विस्तार. पुतण्याही आता प्रत्येक रचनेच्या अशा दोन फाइली करतो. घरच्या फाइलीचा आरंभ सनईने होतो, वादकाच्या फाइलीचा ढोलाने. आणि नववा बार दोहोंतही आहे.